शस्त्रयुद्धाचे घरचे नियम: पल्ला, चिलखत, ढाल आणि एका पाळीचा वेळ

भालदार (धागाकर्ता)

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे २०१४ चे नियम आमच्या टेबलावर अजूनही चालतात आणि मोहीम मध्यावर असल्याने ते बदलण्याचा विचार नाही. मात्र त्यातील शस्त्रांचा तक्ता मला फार दिवस खटकत आला आहे. फ्लेल, मॉर्निंगस्टार आणि वॉर पिक या तिन्ही शस्त्रांचा डॅमेज (लागलेल्या वाराची इजा) डी८, म्हणजे आठ बाजूंचा एक फासा, आहे आणि तिघांनाही एकही खास गुणधर्म दिलेला नाही. त्रिशूळ आणि भाला यांचे आकडे तर अगदी सारखे आहेत. फरक एवढाच, की त्रिशूळ जड आहे, महाग आहे आणि तो चालवायला मार्शल, म्हणजे कसलेल्या योद्ध्यांच्या, शस्त्रांचे प्रशिक्षण लागते. त्यामुळे खेळाडू दोन-तीन ठरावीक शस्त्रांकडेच वळतात. चपळ पात्र रेपियर (भोसकणारी सडपातळ तलवार) घेते, ताकदीचे पात्र ग्रेटसोर्ड (दोन हातांची तलवार) घेते आणि उरलेला तक्ता छापण्यापुरता राहतो.

हा प्रश्न खेळाइतकाच जुना आहे. १९७४ च्या मूळ नियमांत खंजीर काय आणि दोन हातांची तलवार काय, सगळ्यांचा डॅमेज एक डी६ होता. १९७५ च्या पुरवणीने प्रत्येक शस्त्राला वेगळा फासा दिला. १९७८ च्या ॲडव्हान्स्ड आवृत्तीने तर कोणते शस्त्र कोणत्या आर्मर क्लासवर (चिलखत आणि ढाल यांमुळे ठरणाऱ्या बचावाच्या आकड्यावर) किती चालते याचा भलामोठा तक्ताच दिला. तो अभ्यासपूर्ण होता, पण प्रत्येक वाराला त्यात डोके घालावे लागे, म्हणून अनेक टेबलांवर तो उघडलाच जात नसे. मला यातून दोन्ही बाजूंचा धडा दिसतो. शस्त्रे सारखी असली की निवडीला अर्थ उरत नाही, आणि वेगळेपण दर वाराला तक्त्यात शोधावे लागले तर लढाईचा जीव जातो.

म्हणून मी स्वतःसाठी एक कसोटी ठरवली आहे. घरच्या, म्हणजे टेबलाने स्वतः केलेल्या, नियमाने खेळाडूच्या पाळीला त्याच्यापुढे नवा निर्णय उभा केला पाहिजे. नुसता आकडा वरखाली करणारा नियम मला नको. या कसोटीवर तीन नियमांचा मसुदा मांडतो आहे.

पहिला नियम पल्ल्याचा. शस्त्रांचे आखूड, मध्यम आणि लांब असे तीन गट करायचे. खंजीर, हातकुऱ्हाड, शॉर्टसोर्ड आणि सोटा आखूड. लाँगसोर्ड, रेपियर, गदा आणि बॅटलॲक्स मध्यम. भाला, हॅल्बर्ड (लांब दांड्याची कुऱ्हाड), पाइक (फार लांब भाला) आणि ग्रेटसोर्ड लांब. तोकड्या शस्त्राचा योद्धा लांब शस्त्राच्या योद्ध्याला भिडायला आला, की लांब शस्त्रवाल्याला रिॲक्शन (दुसऱ्याच्या पाळीतही करता येणारी एक कृती) खर्चून एक वार करता येईल. वार लागला तर डॅमेज द्यायचा की शत्रूला एक चौकोन अलीकडेच थोपवायचे, हे तो ठरवेल. शत्रू आत घुसलाच, तर त्याच्यापासून एक पाऊल मागे सरेपर्यंत लांब शस्त्राचे सगळे वार डिसॲडव्हान्टेजने (दोनदा फासा टाकून कमी आकडा धरून) होतील.

दुसरा नियम चिलखताचा. कापणाऱ्या शस्त्राचा डॅमेजचा फासा कडीच्या चिलखतावर एक पायरी आणि प्लेट (पोलादी पत्र्याच्या) चिलखतावर दोन पायऱ्या खाली येईल. म्हणजे डी८ चा आधी डी६ आणि मग डी४. भोसकणाऱ्या शस्त्राचा फासा फक्त प्लेटवर एक पायरी उतरेल. ठेचणाऱ्या शस्त्राला फरक पडणार नाही.

तिसरा नियम बऱ्याच टेबलांवर ठाऊक असलेला आहे. ढाल हाती असलेल्या योद्ध्याला लागलेला वार, डॅमेजचा फासा टाकण्याआधी, ढालीवर घेता येईल. वार पूर्ण वाया जाईल आणि ढाल फुटेल.

ज्यांनी असे नियम चालवून पाहिले आहेत, त्यांनी ते कुठे अडतात हे सविस्तर सांगावे.

फासेपंत

कसोटी उत्तम आहे, आणि नेमक्या याच कसोटीवर तुमचा दुसरा नियम उतरत नाही. गणित पाहू. खेळाडूचा ताकदीचा मॉडिफायर (फाशात मिळवायचा आकडा) +३ धरा. लाँगसोर्डचा सरासरी डॅमेज ७.५ येतो, तुमच्या नियमाने कडीच्या चिलखतावर तो ६.५ आणि प्लेटवर ५.५ होतो. गदेचा डॅमेज सगळीकडे ६.५. म्हणजे कडीच्या चिलखतावर दोन्ही शस्त्रे सारखीच ठरतात आणि प्लेटवर गदा दर लागलेल्या वारामागे फक्त एका पॉइंटने पुढे जाते. प्लेटचा आर्मर क्लास १८ आणि खेळाडूचा ॲटॅक बोनस (वार लागतो का हे पाहणाऱ्या वीस बाजूंच्या फाशात मिळवायचा आकडा) +५ असेल तर वार लागण्याची शक्यता ४० टक्के. चार फेऱ्यांच्या लढाईत दर फेरीला एक वार धरला तरी गदा घेतल्याचा एकूण फायदा जेमतेम दीड पॉइंट. या दीड पॉइंटासाठी प्रत्येक वाराला "शत्रूच्या अंगावर काय आहे, माझे शस्त्र कोणत्या जातीचे, फासा किती पायऱ्या उतरवायचा" हे तीन प्रश्न विचारावे लागतील. खेळाडू दोन सत्रांत ते विचारणे सोडून देतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

कोणी असेही सुचवील, की चिलखताने सरळ डॅमेजच वजा करावा. त्याचाही हिशेब करून ठेवतो. प्लेटने प्रत्येक वारातून ३ पॉइंट कापले, तर ग्रेटसोर्डचा सरासरी १० चा वार ७ वर येतो, म्हणजे तीस टक्के गेले. खंजिराचा ५.५ चा वार २.५ वर येतो, म्हणजे निम्म्याहून अधिक गेले. ज्या ग्रेटसोर्डची मिरास मोडायची होती, तिलाच नियमाने आणखी बळ दिले. शिवाय आर्मर क्लास तसाच ठेवला तर चिलखत दोनदा मोजले जाते, एकदा वार चुकवताना आणि पुन्हा वार पचवताना. वजाबाकीची पद्धत वाईट नाही, पण तिच्यासाठी सगळा खेळ त्या पायावर उभा असावा लागतो. १९७८ चा रूनक्वेस्ट तसा आहे. तिथे चिलखत डॅमेज शोषते, शरीराच्या प्रत्येक भागाचे हिट पॉइंट (इजा सोसण्याची क्षमता) वेगळे असतात आणि वार अडवण्यासाठी वेगळा रोल असतो. १९८६ च्या गर्प्समध्ये चिलखतातून पार झालेल्या डॅमेजलाच गुणले जाते, कापणाऱ्या वाराला दीडपट आणि आरपार भोसकणाऱ्याला दुप्पट. त्यामुळे तिथे भोसकणारे शस्त्र चिलखतापुढे अडखळते, पण शिरले की जीवघेणे ठरते. ही वीण अख्खी उचलावी लागते. एक धागा ओढून आपल्या कापडात घालता येत नाही.

नकाशेवाला

मग तोच खेळ का खेळू नये, हा प्रश्न मी अगदी मनापासून विचारतो आहे. पल्ला, चिलखत आणि बचाव यांत ज्यांना रस आहे त्यांच्यासाठी तयार पद्धती पडून आहेत, आणि त्या वर्षानुवर्षे खेळून तावूनसुलाखून निघाल्या आहेत.

भालदार

कारण आम्हाला या खेळाचे बाकी सगळे हवे आहे. वर्ग (पात्रांचे प्रकार), मंत्र, पातळ्या, आणि एका संध्याकाळी तीन लढाया आटोपण्याचा वेग यांवर आमची मंडळी खूश आहेत. गर्प्समध्ये प्रत्येक वारानंतर बचावाचा रोल असतो, त्यामुळे दोन कसलेल्या योद्ध्यांची झुंज लांबत जाते. द्वंद्वयुद्धात ते रंगते, पण सहा पात्रे आणि बारा शत्रू असले की बाकीच्यांना फार वेळ बसून राहावे लागते.

फासेपंत, तुमचा हिशेब मला पटला. पायऱ्यांचा नियम काढून टाकतो. चिलखताचा फरक आकड्यात न दाखवता परिणामात दाखवला तर कसे? माझा नवा प्रस्ताव असा. ठेचणाऱ्या शस्त्राचा वार कडीचे किंवा प्लेट चिलखत घातलेल्या शत्रूला लागला, तर त्याला दणका बसतो आणि त्याच्या पुढच्या पाळीपर्यंत त्याची रिॲक्शन जाते. कापणाऱ्या शस्त्राला प्लेटवर क्रिटिकल (फाशावर वीस आला की डॅमेजचे दुप्पट फासे) मिळत नाही. वीस आला तरी तो साधा लागलेला वार. भोसकणाऱ्या शस्त्राचे अजून सुचलेले नाही.

फासेपंत

हा नियम मला पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला वाटतो, आणि त्याचे कारण तुमच्या पल्ल्याच्या नियमात आहे. हॅल्बर्ड घेतलेला चिलखतधारी पहारेकरी रिॲक्शन वापरून लोकांना थोपवतो. गदाधारी पात्राने त्याला एकदा दणका दिला, की ती रिॲक्शन गेली आणि मागून येणारा सोबती खंजीर घेऊन बिनधोक आत शिरू शकतो. आता गदा कोणी घ्यायची, आधी कोणी जायचे, यावर टेबलावर बोलणे होईल. डॅमेज अर्ध्या पॉइंटानेही वाढलेला नाही, तरी गदेला हातात धरण्याचे कारण मिळाले.

लेखणी आणि लोखंड

मी ऐतिहासिक युरोपीय शस्त्रविद्येचा हौशी सराव करते, म्हणून भोसकण्याबद्दल आणि लाँगसोर्डबद्दल थोडे लिहिते.

पूर्ण प्लेट घातलेल्या माणसावर तलवारीच्या धारेचा उपयोग जवळपास होत नाही. पंधराव्या शतकातील युरोपीय शस्त्रविद्येच्या हस्तलिखितांत चिलखती लढाईची चित्रे आहेत, त्यांत योद्धा एक हात मुठीवर आणि दुसरा हात पात्याच्या मध्यावर ठेवून तलवार आखूड भाल्यासारखी धरतो आणि टोक काखेत, गुडघ्यामागे, शिरस्त्राणाच्या फटीत घालायला पाहतो. काही चित्रांत तो दोन्ही हातांनी पातेच धरून तलवार उलटी फिरवतो आणि आडव्या दांडीने किंवा मुठीच्या लट्टूने हातोडा मारावा तसा मारतो. या दोन्ही पकडी नियमात आणणे अवघड नाही. पाळीच्या सुरुवातीला लाँगसोर्डवाला पकड सांगेल. नेहमीची पकड म्हणजे तक्त्यात आहे ते सगळे. अर्धी पकड म्हणजे भोसकणारे शस्त्र, डी६, आणि पल्ल्याच्या दृष्टीने आखूड. उलटी पकड म्हणजे ठेचणारे शस्त्र, डी६, म्हणजेच दणका देणारे. लाँगसोर्ड हे सगळ्यांत शक्तिमान शस्त्र न राहता सगळ्यांत बहुगुणी शस्त्र होते, आणि ते वास्तवाला धरून आहे.

खंजिराचे काम शेवटच्या टप्प्याचे असते. चिलखतधाऱ्याला आधी धरायचे, पाडायचे, त्याच्यावर बसायचे आणि मग फटीतून खंजीर घालायचा. म्हणून माझी सूचना अशी, की शत्रू पकडीत असेल किंवा आडवा पडला असेल, तर त्याच्यावर लागलेल्या खंजिराच्या वाराला एकाऐवजी तीन डी४ टाकावेत, अंगावर कोणतेही चिलखत असो. फासा लहानच राहील, पण "आधी पाड, मग खंजीर काढ" ही दोन पात्रांनी मिळून खेळायची चाल तयार होईल. आज पाचव्या आवृत्तीत शत्रूला धरून ठेवण्याचा उपयोग फारसा कोणी करत नाही, त्यालाही यामुळे चालना मिळेल.

पल्ल्याबद्दल एक दुरुस्ती सुचवते. मोकळ्या जागेत भाला तलवारीला भारी पडतो, हे सरावात लगेच कळते. टोक समोर धरून भालेवाला दोन पावले मागेपुढे करत राहतो आणि तलवारवाल्याला आत यायला वाट सापडत नाही. पण आत शिरलेल्या माणसासमोर भालेवाला अगदीच असहाय नसतो, कारण हात पुढे सरकवून दांडा आखूड धरता येतो. पाइकला ते जमत नाही. तेव्हा आत घुसलेल्या शत्रूवर डिसॲडव्हान्टेज पाइक आणि हॅल्बर्डला द्यावा, भाल्याला मात्र साध्या रोलवर डी४ डॅमेज द्यावा. यामुळे भाला आणि त्याचे थोरले भाऊ यांच्यातही फरक पडेल.

नकाशेवाला

माझा प्रश्न मागे घेत नाही, पण चर्चा वाचून एक गंभीर अडचण दिसली ती मांडतो. पोलआर्म मास्टर या फीटचा (पात्राला निवडता येणाऱ्या खास कौशल्याचा) अर्धा मोबदलाच हा आहे, की शत्रू पल्ल्यात शिरताच संधीचा वार करता येतो. तुमच्या पहिल्या नियमाने तो प्रत्येक हॅल्बर्डवाल्याला फुकट मिळाला. ज्या खेळाडूने पातळी वाढल्यावर गुण वाढवण्याऐवजी तो फीट घेतला, त्याच्यावर हा उघड अन्याय आहे. सेंटिनेल या फीटचेही तेच. संधीचा वार लागला की शत्रूचा वेग शून्य होतो, हा त्याचा प्राण आहे, आणि तुमचे "थोपवणे" जवळजवळ तेच करते. घरचा नियम लिहिण्याआधी सगळे फीट आणि वर्गांची वैशिष्ट्ये समोर ठेवून, कोणाच्या ताटातले आपण काढून घेतो आहोत, हे पाहिलेच पाहिजे.

भालदार

हा या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आक्षेप आहे असे मी मानतो. आमच्या पार्टीत (पात्रांच्या गटात) पोलआर्म मास्टर असलेले एक पात्र आहेच, तेव्हा हा केवळ कागदावरचा प्रश्न नाही. पहिला नियम असा पातळ करतो.

लांब शस्त्रवाल्याने रिॲक्शन खर्चून केलेला हा वार लागला, तर शत्रू फक्त थांबतो. डॅमेज मुळीच नाही. शत्रूकडे चाल शिल्लक असेल तर तो वळसा घालून पुन्हा येऊ शकतो, आणि रिॲक्शन खर्ची पडल्याने या वेळी त्याला कोणी अडवू शकत नाही. पोलआर्म मास्टर असलेल्या पात्राच्या वाराने डॅमेजही होतो आणि शत्रू थांबतोही. सेंटिनेल असेल तर शत्रूचा वेग शून्य होतो, म्हणजे वळसाही संपला. अशा रीतीने सर्वांना थोडे मिळते आणि फीट घेणाऱ्याचे पारडे जडच राहते.

एक उदाहरण घेऊन पाहा. भाला घेतलेली पहारेकरीण दारात उभी आहे आणि शॉर्टसोर्ड घेऊन एक गॉब्लिन तिच्यावर धावतो. त्याचा वेग तीस फूट, त्यातले वीस फूट खर्च करून तो तिच्यासमोर पोहोचतो. ती रिॲक्शन वापरते, रोल लागतो, गॉब्लिन एक चौकोन अलीकडे अडतो. उरलेल्या दहा फुटांत तो तिच्या कुशीकडून आत येऊ शकतो, पण ती दारात उभी असल्याने कुशीला भिंत आहे. त्याच्यापुढे आता तीन वाटा आहेत: खंजीर फेकणे, ढालीमागे दबून बसणे, किंवा दुसऱ्या गॉब्लिनची वाट पाहणे, कारण तिची रिॲक्शन एकच आहे. मोकळ्या मैदानात हाच गॉब्लिन सहज आत आला असता. दार, पूल, जिना यांना लढाईत किंमत आली, आणि मला या नियमातून नेमके हेच हवे होते.

रणशिंग

पल्ल्याऐवजी शस्त्राच्या वेगाचा नियम कोणी वापरतो का? दुसऱ्या आवृत्तीत तो होता. इनिशिएटिव्हच्या (पाळ्यांचा क्रम ठरवणाऱ्या) रोलमध्ये शस्त्राचा वेग मिळवायचा: खंजिराचा २, लाँगसोर्डचा ५, दोन हातांच्या तलवारीचा १०. कमी आकडा आधी. आम्ही तो आवडीने खेळलो आहोत. प्रत्येक फेरीला क्रम बदलत असल्याने लढाईत एक अनिश्चितता असे, ती आजच्या ठरलेल्या क्रमात मला जाणवत नाही.

लेखणी आणि लोखंड

अनिश्चितता मलाही आवडेल, पण त्या नियमात लहान शस्त्र नेहमी आधी चालते, आणि पहिल्या भिडण्याच्या क्षणी परिस्थिती बरोबर उलटी असते. खंजीरवाल्याने पाइकवाल्याला आधी मारायचे तर त्याला आधी टोकापलीकडे जावे लागते. पहिल्या ॲडव्हान्स्ड आवृत्तीने हे ओळखले होते. तिथे धावून केलेल्या हल्ल्यात शस्त्राची लांबी पाहून पहिला वार कोणाचा ते ठरे. वजनाचाही गैरसमज पुष्कळ आहे. लाँगसोर्डचे वजन साधारण दीड किलोच्या आसपास असते आणि ती दोन हातांनी धरली की टोक झपाट्याने फिरते.

फासेपंत

शिवाय दर फेरीला सगळ्यांचे इनिशिएटिव्ह पुन्हा टाकणे, मिळवणे आणि क्रम लावणे यात वेळ जातो. पाचव्या आवृत्तीत "आपल्या पुढच्या पाळीपर्यंत" टिकणारे परिणाम खूप आहेत. क्रम फिरत राहिला तर तेच परिणाम कधी दुप्पट वेळ टिकतील आणि कधी लगेच संपतील, हेही लक्षात घ्यावे.

ढालकरी

ढाल फुटण्याचा नियम आमच्याकडे दीर्घकाळ चालू आहे, म्हणून त्याच्या अडचणी सांगतो.

पहिली अडचण तुमच्या कल्पनेतही असेल. खेळाडू पाठीवर तीन-तीन ढाली बांधून येतात. यावर वेगळा नियम लागत नाही, मूळ नियमच पुरतो. ढाल चढवायला एक पूर्ण ॲक्शन (पाळीतली मुख्य कृती) लागते, आणि लढाईच्या मध्यात हल्ला सोडून ढाल चढवणे हा मोठा त्याग आहे. तो एकदा काटेकोरपणे लागू केला की पाठीवरच्या ढाली आपोआप कमी होतात.

दुसरी अडचण जादूच्या ढालीची. मौल्यवान +२ ढाल एका वारात जाणार असेल तर कोणीही ती वापरणार नाही, आणि अजिबात फुटत नसेल तर नियमच निकामी होतो. आम्ही असे ठरवले, की जादूची ढाल दोन लाँग रेस्टच्या (लांब विश्रांतींच्या) मध्ये एकदा वार पचवते आणि फुटत नाही. त्यानंतरही तिच्यावर वार घ्यायचा असेल तर डी६ टाकायचा. १ आला तर ती फुटली.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. शत्रूंकडेही ढाली असतात. दहा हॉबगॉब्लिन दहा ढाली घेऊन आले, तर खेळाडूंचे दहा लागलेले वार वाया जातात, आणि लढाई तीन फेऱ्यांऐवजी सहा फेऱ्या चालते. आम्ही हा हक्क फक्त नावाच्या शत्रूंना ठेवला: सरदार, वीर, पार्टीने आधी पाहिलेला प्रतिस्पर्धी. काही जणांना हा पक्षपात वाटतो. मला तो योग्य वाटतो, कारण सरदाराची ढाल फुटण्याचा क्षण लढाईत स्पष्ट उठून दिसतो आणि बाराव्या हॉबगॉब्लिनची ढाल फुटली तरी कोणाच्या लक्षातही राहत नाही.

त्याचबरोबर एक पुरवणी सुचवतो. ढालीला इतके महत्त्व दिले की तिच्यावर उतारा हवाच. तो कुऱ्हाडीला द्यावा. पात्याचा खालचा कोपरा ढालीच्या कडेत अडकवून ती खाली ओढता येते, म्हणून कुऱ्हाडीचा वार लागल्यावर खेळाडूला डॅमेजऐवजी ढाल ओढण्याचा पर्याय द्यावा. त्या शत्रूच्या पुढच्या पाळीपर्यंत ढालीचा +२ जातो आणि ढालीवर वार घेण्याचा हक्कही जातो. बॅटलॲक्स आणि लाँगसोर्ड यांचे डॅमेजचे आकडे तक्त्यात हुबेहूब सारखे आहेत. आता दोघांची वाट वेगळी झाली.

रणशिंग

हल्ल्याच्या फाशावर नैसर्गिक १ आल्यावर शस्त्र हातातून निसटणे किंवा सोबत्याला लागणे, म्हणजे फंबल, याला तुमच्या यादीत जागा का नाही? आमच्या टेबलावर त्या क्षणाची सगळे वाट पाहतात.

फासेपंत

त्या क्षणाचे आकर्षण मी समजू शकतो, पण तो नियम उलट्या दिशेने काम करतो. पहिल्या पातळीचा फायटर पाळीला एक वार करतो, त्याला १ येण्याची शक्यता ५ टक्के. पाचव्या पातळीवर दोन वार, शक्यता ९.७५ टक्के. अकराव्या पातळीवर तीन वार, सुमारे १४.३ टक्के. विसाव्या पातळीवर चार वार, आणि किमान एक १ येण्याची शक्यता सुमारे १८.५ टक्के. म्हणजे जगातला सर्वांत निष्णात योद्धा नवशिक्यापेक्षा साडेतीन पटींहून जास्त वेळा तलवार पाडतो. दरम्यान विझार्ड (जादूगार) अग्निगोळा टाकतो तेव्हा तो ॲटॅक रोलच करत नाही, त्यामुळे त्याला या नियमाचा धक्काही लागत नाही. शस्त्रधारी पात्रांना रंगत आणण्यासाठी केलेला नियम त्यांनाच शिक्षा करतो. ठेवायचाच असेल तर पाळीतल्या पहिल्या वारापुरता ठेवा. मग सर्वांना ५ टक्केच राहतील.

भालदार

माझ्या टेबलावर तो नसेल. पहिल्या वारापुरता केल्यावर अन्याय कमी होतो, पण त्यात खेळाडूपुढे निर्णय कोणता येतो? काहीच नाही, फासा पडतो आणि पात्राचे हसे होते. माझ्या कसोटीत तो बसत नाही.

नवखा_खेळाडू

धनुष्याबद्दल कोणीच लिहिले नाही. बाण मोजणे आम्हाला फार कंटाळवाणे होते, पण मोजले नाहीत तर धनुर्धारी पात्राला कसलीच चिंता उरत नाही.

फासेपंत

बाण मोजण्याऐवजी भात्याला एक फासा द्या. भरलेला भाता म्हणजे डी८. धनुष्य वापरलेल्या प्रत्येक लढाईनंतर तो फासा टाकायचा. १ किंवा २ आला तर तो एक पायरी उतरून डी६ होतो, मग डी४, आणि डी४ वर पुन्हा १ किंवा २ आला की भाता रिकामा. सरासरीने डी८ चार लढाया टिकतो, डी६ तीन आणि डी४ दोन, म्हणजे भरलेला भाता सुमारे नऊ लढाया पुरतो. डी४ वर आलेला धनुर्धारी "अजून एक लढाई भात्यावर काढू की भाला उचलू" असा विचार करू लागतो, आणि कोणालाही दर बाणाला खाडाखोड करावी लागत नाही.

लेखणी आणि लोखंड

२०१४ च्या नियमांतच आणखी एक गोष्ट आहे, ती बहुतेक टेबलांवर विसरली जाते. धनुर्धारी आणि शत्रू यांच्यामध्ये आपलाच सोबती उभा असेल तर शत्रूला अर्धा आडोसा मिळतो, म्हणजे आर्मर क्लासमध्ये +२. हे नीट पाळले तरी धनुर्धाऱ्याला जागा बदलत राहावी लागते. शार्पशूटर फीट मात्र हा आडोसा निकामी करतो, तेव्हा तिथेही नकाशेवाल्यांचा इशारा ध्यानात ठेवावा.

नकाशेवाला

२०२४ च्या सुधारित नियमांतील वेपन मास्टरीबद्दलही एक शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण या धाग्याचे अर्धे उद्दिष्ट तिने अधिकृतपणे साधले आहे. प्रत्येक शस्त्राला आठांपैकी एक गुण दिला आहे, आणि फायटर, बार्बेरियन वगैरे वर्गांना तो वापरता येतो. ढकलणे, मंद करणे, पाडणे, हुकलेल्या वारातही थोडा डॅमेज देणे, असे ते गुण आहेत. त्रिशूळाला शत्रू पाडण्याचा गुण मिळाला आणि तो अखेर भाल्यापासून वेगळा झाला. तरीही पाडण्याचा गुण प्रत्येक लागलेल्या वारावर डीएमकडून (खेळ चालवणाऱ्याकडून) सेव्हिंग थ्रो, म्हणजे परिणाम टाळण्याचा रोल, मागतो. दोन-तीन वार करणाऱ्या पात्राच्या एका पाळीत तितकेच जादा रोल येतात. भालदार यांच्या दणक्याच्या नियमात जादा रोल एकही नाही, आणि त्या बाबतीत मी तो अधिकृत नियमापेक्षा सरस मानतो.

भालदार

सर्वांच्या सूचना घेऊन आमच्या टेबलावर पुढील सत्रापासून जे चालू होईल ते लिहितो. पल्ल्याचा नियम वर पातळ केला तसा, भाल्याच्या सवलतीसह. चिलखतावर ठेचणाऱ्या शस्त्राचा दणका, प्लेटवर कापणाऱ्याला क्रिटिकल नाही, पकडीतल्या किंवा पडलेल्या शत्रूवर खंजिराचे तीन फासे. लाँगसोर्डच्या तीन पकडी. ढाल फुटण्याचा नियम नावाच्या शत्रूंपुरता, आणि कुऱ्हाडीने ढाल ओढणे. भात्याचा फासा. वेग नाही, फंबल नाही.

राक्षसांचे काय, हे मला खासगीत विचारले गेले, त्याचे उत्तर इथेच देतो. लांडग्याचा चावा आखूड, ओगरचा सोटा लांब, आणि त्याहून मोठ्या देहाच्या प्राण्यांचा प्रत्येक अवयव लांब समजायचा. म्हणजे राक्षसाच्या पायाशी शिरलेल्या बुटक्यावर राक्षसाचे वार डिसॲडव्हान्टेजने येतील, आणि ते मला रास्त वाटते.

प्रत्येक शस्त्राचा नियम मी एका ओळीत त्या त्या खेळाडूच्या कॅरेक्टर शीटवर लिहून देणार आहे. ज्याच्या हाती गदा आहे त्याला कुऱ्हाडीचा नियम पाठ असण्याची गरज नाही. एखादा नियम सलग काही लढायांत कोणी वापरलाच नाही, तर तो काढून टाकू. नियमामुळे ज्या पात्राचे आधीचे फीट किंवा शस्त्र निरुपयोगी झाले, त्या खेळाडूला ते एकदा विनामूल्य बदलता येईल, आणि हे पहिल्या सत्राआधीच सर्वांना सांगितले जाईल.

नवखा_खेळाडू

माझे पात्र रोग (चोरट्या योद्ध्याचा वर्ग) आहे. पडलेल्या शत्रूवर खंजिराचे तीन फासे टाकताना स्नीक ॲटॅकचे (रोगच्या छुप्या वाराच्या जादा डॅमेजचे) फासेही तिप्पट होतात का?

भालदार

नाही. तिप्पट होतो तो फक्त खंजिराचा डी४. स्नीक ॲटॅक नेहमीइतकाच आणि पाळीला एकदाच. क्रिटिकल आला तर तीन डी४ चे सहा होतील आणि स्नीक ॲटॅकचे फासे मूळ नियमाप्रमाणे दुप्पट. शत्रू तुम्हीच पाडलेला असण्याची अट नाही, त्याला सोबत्याने पाडला असला तरी चालेल. मात्र खंजीर फेकून मारला तर हा नियम लागू होणार नाही, त्यासाठी शेजारच्या चौकोनात असावे लागेल.